उणे तीस अंशांत टिकणारी वाइनची द्राक्षं आणि फळं : नेमकं काय लावावं?

उत्तरवेल

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा, ओंटारियो, मॅनिटोबा इथे परसात जागा असलेली मराठी मंडळी दर वसंतात एकच प्रश्न विचारतात: घरच्या वाइनसाठी दहा-बारा वेल लावायचेत, कुठली जात घेऊ? रोपवाटिकेतल्या पाटीवर ‘उणे ३०पर्यंत टिकते’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यावर रोप उचललं जातं. वेल जगतो, पण चौथ्या वर्षी बरणीत उतरलेली वाइन पिववत नाही, इतकी आंबट होते. म्हणून हा धागा. थंडीत टिकणं ही पहिली चाळणी झाली. दुसरी चाळणी आंबटपणाची, आणि माझ्या मते खरी निवड तिथेच करावी.

आधी थोडी पार्श्वभूमी. युरोपातली द्राक्षं, म्हणजे काबर्ने, शार्दने, रीझलिंग वगैरे, साधारण उणे २० ते उणे २३ अंश सेल्सिअसच्या आसपास डोळे (काडीवरच्या, ज्यांतून फुटवा येतो त्या कळ्या) गमावू लागतात. इथल्या नदीकाठांवर आपोआप वाढणारं रानद्राक्ष, व्हायटिस रिपेरिया, उणे ४०लाही हलत नाही. मणी वाटाण्याएवढे, रंग गडद, आंबटपणा भयंकर. ऑसिओला, विस्कॉन्सिन इथल्या एल्मर स्वेन्सन यांनी आयुष्यभर या रानवेलीचा चांगल्या द्राक्षांशी संकर केला. एडलवाइस, सेंट क्रॉय, ला क्रॉस, सेंट पेपिन, ब्रियाना या त्यांच्याच जाती. पुढे मिनेसोटा विद्यापीठाने फ्रोंटेनाक (१९९६), ला क्रेसंट (२००२), फ्रोंटेनाक ग्री (२००३), मार्केट (Marquette, २००६), फ्रोंटेनाक ब्लाँ (२०१२) आणि इटास्का (२०१७) आणल्या. टॉम प्लोशर यांची पेटिट पर्ल त्याच वंशातली.

परसातल्या माणसाने माझ्या मते यातूनच निवडावं. लाल वाइनसाठी मार्केट किंवा पेटिट पर्ल, पांढऱ्यासाठी इटास्का. फ्रोंटेनाक सगळ्यांत दणकट आणि भरपूर पिकणारी आहे, पण पूर्ण पिकल्यावरही लिटरला १३ ते १६ ग्रॅम आम्ल घेऊन बसते. चांगल्या टेबल वाइनमध्ये ६ ते ८ ग्रॅम असतं. यावरून अंदाज येईल.

जाणकारांनी भर घालावी.

ओटावाकर

वा, हवा होता हा धागा. माझे प्रश्न:
१. आमच्याकडे ‘झोन ५ए’ (नकाशातला थंडीचा पट्टा) आहे. अमेरिकन तक्ते तसेच लावायचे का?
२. जागा साधारण ३० फूट बाय २० फूट. त्यात किती वेल आणि किती वाइन?
३. थोडं रीझलिंग लावता येईलच का?

उत्तरवेल

१. नाही. अमेरिकेचा झोन फक्त वर्षातल्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवर ठरतो. झोन ४ म्हणजे उणे ३४ ते उणे २९, झोन ५ म्हणजे उणे २९ ते उणे २३. कॅनडाचा जुना नकाशा बर्फाचं आवरण, वारा, पाऊस, फ्रॉस्टमुक्त (पारा शून्याखाली न जाणारे) दिवस असे अनेक घटक एकत्र करतो, त्यामुळे तोच आकडा दोन्हीकडे वेगळा अर्थ सांगतो. सरळ जवळच्या हवामान केंद्राचे गेल्या दहा-पंधरा वर्षांचे नीचांक काढा आणि त्यांतला सगळ्यांत वाईट आकडा धरून जात निवडा. सरासरीवर जाऊ नका. वेल एका रात्रीत मरतो.

२. दोन वेलींमध्ये ६ ते ८ फूट, दोन ओळींत ९ फूट. ३० फुटांच्या दोन ओळींत आठ ते दहा वेल आरामात बसतात. चौथ्या-पाचव्या वर्षापासून एका वेलीला ४ ते ५ किलो धरा. लाल वाइनला १०० किलो द्राक्षांतून ६० ते ६५ लिटर निघते. म्हणजे तुमच्या दहा वेलींचे ४० किलो, त्यातून २३ लिटरची एक काचेची बरणी गाळासकट जेमतेम भरेल. एका बरणीसाठी दहा वेल, हे गणित लक्षात ठेवलं की एकेका जातीचे दोन-दोन वेल लावायचा मोह आवरतो. पाच जातींचे दोन-दोन वेल लावले तर प्रत्येक जात वेगळ्या दिवशी पिकते आणि एकाचीही धड वाइन होत नाही.

३. रीझलिंग लावता येतं, पण पुरावं लागतं. ओंटारियोतल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत पानगळीनंतर काड्या खालच्या तारेला बांधून त्यावर माती चढवतात आणि वसंतात ती काढतात. दहा वेलींसाठी हे दरवर्षी दोनदा करायचं. हौस असेल तर दोन वेल, जास्त नको.

निफाडकर

द्राक्षबागेत काम करणाऱ्या माणसाला हे सगळं उलटं वाटतं, म्हणून चार मुद्दे लिहितो. गावाकडून सल्ला घेऊन इथे तसाच लावणारे बरेच भेटतात.

नाशिककडे वेल कधी पूर्ण झोपत नाही. एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठी), आणि गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. तिकडे वेलीला उठवावं लागतं, इथे झोपवून ठेवावं लागतं. सगळा फरक यातच आला. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटतात. इथे जानेवारीत उणे २८ला घाबरायचं कारण नाही, झोपलेला डोळा ते सोसतो. घाबरायचं ते मार्चमधल्या चार उबदार दिवसांना. त्या उबेत डोळ्याची थंडीची ताकद उतरते, आणि मग उणे १२सुद्धा त्याला मारतं.

दुसरं, खुंट, म्हणजे कलमाखालचा मुळांचा वेल. आपल्याकडे डॉगरिज या खुंटावर कलम केल्याशिवाय कोणी बाग लावत नाही, कारण क्षार आणि पाण्याचा ताण. इथे या संकरित जाती स्वतःच्या मुळांवरच घ्या. एखाद्या हिवाळ्यात खोड जमिनीपर्यंत मेलं तरी मुळातून येणारा फुटवा त्याच जातीचा असतो. कलमी रोपात वरचा भाग गेला की खालून खुंट फुटतो आणि तीन वर्षं तुम्ही भलत्याच वेलीची सेवा करत राहता.

तिसरं, छाटणी एकदाच, मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला. पानगळीनंतर लगेच छाटू नये. किती डोळे वाचले हे कळायच्या आधीच काड्या गेल्या तर उरलेल्यांत मेलेलेच जास्त निघाले असं होतं. छाटल्यावर काडीच्या टोकातून पाणी ठिबकतं, त्याने वेलीला काही होत नाही.

चौथं, नत्र. शेणखत, युरिया भरपूर घालायची आपली सवय इथे महागात पडते. जुलैनंतर मिळालेल्या नत्राने वेल सप्टेंबरपर्यंत हिरवी वाढ करत राहतो, काडी पिकत नाही. काडी तपकिरी झाली नसेल तर जात कितीही दणकट असली तरी तो भाग हिवाळ्यात मरणारच.

उत्तरवेल

निफाडकर, मार्चमधल्या उबेचा मुद्दा फार महत्त्वाचा. रिपेरियाचं रक्त जास्त असलेल्या जाती लवकर जाग्या होतात. मार्केट त्यातलीच. उणे ३०च्या आसपास टिकते, वाइन उत्तम, पण डोळे लवकर फुटतात आणि मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातल्या फ्रॉस्टमध्ये सापडतात. पेटिट पर्ल त्यामानाने उशिरा फुटते. तुमची जागा खोलगट असेल, रात्री थंड हवा साचत असेल, तर मार्केटऐवजी तीच घ्या. आणि उतार निवडायची सोय असेल तर उताराचा मधला भाग घ्या, तळ नको. थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते. खाली कुंपण किंवा दाट झाडी असेल तर ती तिथेच अडते.

हिरवा डोळा

छाटणीआधी डोळे तपासायची पद्धत कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. ही एक गोष्ट केली की बाकी अंदाज करावे लागत नाहीत.

मार्चच्या मध्याला प्रत्येक जातीच्या वेगवेगळ्या वेलींवरून, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या घ्या, म्हणजे साधारण १०० डोळे मिळतील. परसात दहाच वेल असतील तर ३०-४० डोळेही पुरतात. कापलेल्या काड्या एक-दोन दिवस घरात उबेला ठेवा, म्हणजे मेलेल्या भागाचा रंग स्पष्ट होतो. मग नवीन ब्लेडने डोळा काडीला समांतर, वरून एकेक पातळ चकती काढत कापत जा. साधारण एक तृतीयांश डोळा गेला की आत तीन ठिपके दिसतात: मधला मोठा तो मुख्य डोळा, त्याच्या एका अंगाला दुय्यम, दुसऱ्या अंगाला तिसरा, अगदी लहान. जिवंत ठिपका कच्च्या हरभऱ्यासारखा हिरवागार असतो. मेलेला तपकिरी किंवा काळपट, जाळलेल्या कागदासारखा. कधी मधला काळा आणि बाजूचा हिरवा दिसतो. म्हणजे पीक येईल, पण कमी.

मुख्य डोळे १५ टक्क्यांपर्यंत मेले असतील तर नेहमीसारखी छाटणी करा. निम्मे मेले असतील तर दुप्पट डोळे ठेवा. ८० टक्क्यांच्या वर गेले असतील तर जवळपास छाटूच नका, फक्त पसारा आवरा आणि मेअखेरीस काय फुटतं ते बघा. फ्रोंटेनाक आणि मार्केट यांच्या दुय्यम डोळ्यांवरही थोडेफार घड येतात. युरोपातल्या बहुतेक जातींत तसं होत नाही.

फ्रॉस्टची भीती असेल तर छाटणी दोनदा करा. एप्रिलला काड्या लांबच ठेवा, आठ-दहा डोळ्यांच्या. टोकाचे डोळे आधी फुटतात आणि बुडाकडचे थांबून राहतात. टोकाचे फुटवे बोटभर झाले की, म्हणजे मेच्या मध्याला, दोन-तीन डोळ्यांवर छाटा. एवढ्याने आठवडाभर ते दहा दिवस मिळतात.

ओटावाकर

डोळ्यांची ही पद्धत जपून ठेवतोय. लागवड नेमकी कशी करायची? आणि तारा कशा?

हिरवा डोळा

वसंतात मातीत वापसा आला, म्हणजे जादा ओल उतरली की, मेच्या पहिल्या पंधरवड्यात. मातीचा गोळा नसलेली, एक वर्षाची, पहिल्या प्रतीची रोपं घ्या. मुळं तीन-चार तास पाण्यात बुडवून ठेवा, रात्रभर नको. खड्ड्यात मुळं पसरून बसतील एवढीच खोली, आणि खड्ड्यात खत अजिबात नाही. लावल्यावर सगळ्यांत जोमदार एक काडी ठेवून ती दोन डोळ्यांवर छाटा. दुकानातून आणलेलं उंच रोप असं छाटताना हात थांबतो, पण मुळं बसण्यासाठी ते करावंच लागतं. पहिल्या वर्षी एकच जबाबदारी: तणमुक्त तीन फुटांची पट्टी आणि आठवड्याला इंचभर पाणी. ऑगस्टमध्ये पाणी कमी करा. रोपाभोवती प्लास्टिकच्या नळ्या लावल्या असतील तर ऑगस्टअखेर काढाच, नाहीतर काडी पिकत नाही.

दुसऱ्या वर्षापासून दोन खोडं वाढवा. एक गेलं तर दुसरं असतं, त्यामुळे या भागात एकखोडी वेल ठेवू नये. ओलांड्याची, म्हणजे तारेवर आडव्या वाढवलेल्या खोडाची, उंची जातीवर ठरते. फ्रोंटेनाक, ला क्रेसंट यांचे फुटवे खाली लोंबतात, त्यांना ६ फुटांवर एकच तार आणि ओलांडा वर. मार्केटचे फुटवे बऱ्यापैकी सरळ वर जातात, तिला तीन फुटांवर ओलांडा आणि वर दोन-तीन जोडतारा जमतात. पण मार्केटलाही ६ फुटांची एक तार चालते, आणि घरच्या माणसाला तीच सोपी. वर्षभर वाकावं लागत नाही आणि थंड हवेच्या थरापासून डोळे दोन-तीन फूट वर राहतात. टोकाचे खांब मजबूत हवेत, ९ फुटी, अडीच फूट जमिनीत, बाहेरच्या बाजूला ताण दिलेला. पीक धरलेली तार कमकुवत खांब वाकवते.

पहिली दोन वर्षं घड काढून टाका. तिसऱ्या वर्षी एका फुटव्याला एक घड.

तळघर

आता आंबटपणाकडे येतो, कारण या धाग्याचा खरा विषय तोच आहे असं मलाही वाटतं.

मापं जवळ ठेवा: ब्रिक्ससाठी (रसातल्या साखरेच्या टक्क्यांसाठी) रिफ्रॅक्टोमीटर, आम्लासाठी सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन किट, आणि पीएच मीटर. पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका, लाल रसात रंगच कळत नाही. इथल्या द्राक्षांत साखर कधी कमी पडत नाही. फ्रोंटेनाक, मार्केट सहज २४ ते २६ ब्रिक्स गाठतात, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. ‘गोड झालं, काढूया’ हा आपला घरगुती नियम इथे फसवतो. २४ ब्रिक्सला आंबटपणा अजून उतरत असतो. गोडी झाली तरी वेलीवर ठेवा, जाळी लावा, आणि आम्लाचा आकडा खाली येईपर्यंत थांबा. बी चावून बघा. हिरवट, कडू असेल तर थांबा. तपकिरी आणि कुरकुरीत झालं की काढा.

साधारण आकडे, पूर्ण पिकल्यावरचे, लिटरला ग्रॅममध्ये: फ्रोंटेनाक १३-१६, ला क्रेसंट ११-१४, मार्केट ९-१२, इटास्का ८-१०, पेटिट पर्ल त्याहून कमी. वर्षावर हलतात, पण क्रम असाच राहतो.

या आंबटपणातला मोठा हिस्सा मॅलिक आम्लाचा, म्हणजे कच्च्या सफरचंदातला. त्याच्यावर तीन उपाय. पहिला यीस्टचा. ७१बी हे यीस्ट आंबताना मॅलिकचा काही भाग खाऊन टाकतं. दुसरा मॅलोलॅक्टिक बॅक्टेरियाचा. ते मॅलिकचं लॅक्टिक करतात आणि आंबटपणाची धार जाते. लाल वाइनला हे करावंच. पण पीएच ३.१च्या खाली, तापमान १८ अंशांच्या खाली किंवा सल्फाइट (वाइन टिकवण्यासाठी घालतात ते) जास्त असेल तर ते हलतच नाहीत. तळघर ऑक्टोबरला थंड पडतं आणि मग ‘बॅक्टेरिया खराब निघाले’ अशी तक्रार येते. बरणीभोवती गरम पट्टा लावा. तिसरा उपाय पोटॅशियम बायकार्बोनेट. लिटरला ०.९ ग्रॅम घातलं की, थंडीत क्रिस्टल पडल्यावर, साधारण १ ग्रॅम आम्ल उतरतं. २३ लिटरला २ ग्रॅम उतरवायचं तर ४१ ग्रॅम. एकदम घालू नका. आधी एका लिटरवर करून चव बघा, मग बरणीत हळूहळू, फेस येतो म्हणून मोठ्या भांड्यात. पीएच ३.६च्या वर जाऊ देऊ नका. एकट्या या पावडरीने ५-६ ग्रॅम उतरवायला गेलं तर वाइन सपक लागते, कारण ती टार्टारिक काढते, मॅलिक तसंच राहतं.

मग बरणी दोन-तीन आठवडे गॅरेजमध्ये उणे २ ते उणे ४ला ठेवायची. त्याच्या खाली नको, वाइन गोठून बरणी फुटते. इथला हिवाळा या एका कामाला अगदी उपयोगाचा.

रसग्रहण

लाल वाइनमध्ये टॅनिन पुरेसं येत नाही, त्याचं काय? मार्केटची वाइन सुवासिक होते, पण जिभेला पकड लागत नाही.

तळघर

या संकरित द्राक्षांच्या गरात प्रथिनं जास्त असतात, ती टॅनिनला धरून गाळात घेऊन जातात. त्यामुळे सालांवर दोन आठवडे ठेवलं तरी उपयोग होत नाही, उलट हिरवट वास येतो. पाच ते सात दिवस पुरे, दिवसातून दोनदा साली खाली दाबायच्या. टॅनिनची पूड आंबताना घातली तर तीही प्रथिनांबरोबर बसते. म्हणून थोडी आंबताना आणि बरीचशी वाइन निथळून झाल्यावर घाला. भाजलेल्या ओकच्या चकत्या लिटरला २ ग्रॅम, दर आठवड्याला चव बघत.

गर चिकट असतो, दाबताना घसरतो. पेक्टिक एन्झाइम चेचल्याबरोबर घाला आणि दाबयंत्रात भाताची तुसं मिसळा. चेचताना सल्फाइट ५० पीपीएम, म्हणजे २३ लिटरला सुमारे २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आणि यीस्ट २४ तासांनी.

प्रेअरी_वहिनी

ब्रियाना आणि एडलवाइसबद्दल एक ओळ हवीच. यांत अमेरिकन लॅब्रुस्का जातीचा अंश आहे. उशिरा काढली की कॉन्कॉर्ड या अमेरिकन द्राक्षाच्या जेलीचा वास येतो, जो वाइनमध्ये नकोसा होतो. एडलवाइस १४ ते १६ ब्रिक्सला, ब्रियाना १६ ते १८ला काढा आणि साखर वरून घाला. ब्रियानाला तेव्हा अननसाचा वास असतो. इथे तळघर यांचा ‘थांबा’ हा नियम अगदी उलटा लागतो. ज्यांना मेहनत कमी आणि गोडसर पांढरी वाइन हवी त्यांना ब्रियाना मस्त.

आणि सेंट पेपिन एकटी लावू नका. तिची फुलं फक्त मादी असतात. शेजारी ला क्रॉस लावा, दोन्ही एकाच वेळी फुलतात.

उत्तरवेल

वहिनी, धन्यवाद, हे राहून गेलं होतं. ला क्रेसंटबद्दलही सांगते: जर्दाळूचा सुगंध, पांढरी वाइन सुंदर, पण पिकल्यावर मणी गळतात आणि पानांवर केवडा हा बुरशीचा रोग लवकर येतो. काढणीच्या आठवड्यात रोज बघायला वेळ असेल तरच घ्या.

निफाडकर

रोगांबद्दल. केवडा आणि भुरी आपल्याला माहीत आहेत, पण इथे घरच्या बागेची वाट लावतो तो ब्लॅक रॉट, हीसुद्धा बुरशीच. मणी आधी तपकिरी, मग आठवड्यात सुकून काळ्या मनुक्यासारखे. ते सुके मणी वेलीवर किंवा जमिनीवर राहिले की पुढच्या वसंतात त्यांच्यातूनच लागण. म्हणून छाटणीच्या वेळी एकेक सुकलेला घड वेचून जाळायचा किंवा पुरायचा. फवारणीची खरी खिडकी फुलोऱ्याच्या जरा आधीपासून फुलोऱ्यानंतर चार आठवड्यांपर्यंत. त्यात चुकलं तर नंतरची कुठलीही फवारणी घड वाचवत नाही. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाला अमेरिकेतल्या लेबलवर काढणीआधी ६६ दिवसांची अट आहे, त्यामुळे जुलैच्या मध्यानंतर त्याचा विचारच नको. मारेशाल फॉश ही लाल जात असेल तर गंधक मारू नका, पानं करपतात.

जपानी भुंगेरे जुलैत येतात आणि पानांची जाळी करतात. सकाळी गार असताना साबणाच्या पाण्यात झटका. फेरोमोनचे सापळे लावू नका, ते शेजाऱ्यांचेही भुंगेरे तुमच्याकडे बोलावतात.

आणि शेवटचं, ज्याकडे कोणाचं लक्ष नसतं: शेजारच्या हिरवळीवर किंवा मका-सोयाबीनच्या शेतात मारलेलं २,४-डी हे तणनाशक. द्राक्ष त्याला कमालीचं हळवं. पानं पंख्यासारखी आवळतात, शिरा समांतर दिसतात, फुलोऱ्यात वारा आला तर घडच बसत नाही. लोक याला विषाणू समजून वेल उपटतात. शेजाऱ्यांना एप्रिलमध्येच जाऊन सांगा, आणि स्वतःच्या हिरवळीवरही ते मारू नका.

रानमेवा

इतका वेळ द्राक्षच चाललंय. सास्काटून, विनिपेगच्या मंडळींसाठी माझं स्पष्ट मत: झोन ३ असेल तर निम्मी जागा फळझुडपांना द्या. द्राक्ष जगेल, पण दरवर्षी पिकेलच असं नाही.

पहिली पसंती बुटक्या आंबट चेरीला. सास्काचवान विद्यापीठाची कार्मीन ज्युएल (१९९९) आणि रोमान्स मालिकेतल्या ज्युलिएट, रोमिओ, क्रिमसन पॅशन, क्युपिड, व्हॅलेंटाइन (२००४). झुडूप सहा-सात फुटांचं, स्वपरागित, म्हणजे एकच लावलं तरी फळ. थोड्या उबदार भागात माँटमोरेन्सी किंवा मिनेसोटाची नॉर्थ स्टार. ४ लिटर वाइनला १.८ किलो चेरी. फळं आधी गोठवून मग वितळवा, पेशी फुटून रस आणि रंग सुटतो. बिया फुटता कामा नयेत, त्यांतून सायनाइड सुटतं. मिक्सर वापरू नका, हाताने चुरडा आणि कापडी पिशवीत घाला. साखर इतकी घाला की हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी) १.०८५ ते १.०९० दाखवेल. हिशोबाला लिटरमागे १७ ग्रॅम साखर म्हणजे १ टक्का अल्कोहोल.

दुसरं हॅस्कॅप, निळं लांबट आंबट फळ. बोरिआलिस, टुंड्रा, इंडिगो जेम, आणि परागणासाठी ऑरोरा. एकाच जातीची दोन झुडपं लावून फळ येत नाही, वेगळी जात हवी. फुलं उणे ७ सोसतात, जूनमध्येच फळ, त्यामुळे फ्रॉस्टची चिंता नाही. रंग शाईसारखा. पण आंबटपणा द्राक्षाच्या दुप्पट, म्हणून निव्वळ रसाची वाइन करू नका. ४ लिटरला दीड किलो फळ, बाकी पाणी, साखर आणि यीस्टचं खाद्य. खाद्य विसरलात तर सडक्या अंड्याचा वास येतो. फळांच्या पातळ केलेल्या रसात नत्र नसतंच. पक्षी फळ निळं व्हायच्या आधीच येतात, जाळी मेअखेर लावा.

तिसरं काळं करंट, घोसात लागणारं लहान काळं फळ: टायटानिया किंवा बेन सारेक. ४ लिटरला सव्वा किलो पुरतं, त्याच्यावर गेलं तर औषधासारखं लागतं. काही राज्यांत पांढऱ्या पाइनच्या तांबेरा रोगामुळे करंट लावायला निर्बंध आहेत, आधी राज्याच्या शेती खात्याकडे विचारा.

अरोनियाबद्दल (तुरट, काळी फळं) एक सूचना. तिच्यात सॉर्बिटॉल असतं, ते यीस्ट खात नाही. आंबणं पूर्ण झालं तरी हायड्रोमीटर वरच थांबतो आणि लोक ‘अडकलं’ समजून पुन्हा यीस्ट घालतात. आठवडाभर आकडा हलला नाही आणि बुडबुडे नाहीत, तर झालं समजा.

ओटावाकर

गोडसर ठेवायची तर शेवटी साखर घालून बाटलीत भरता येते ना?

रानमेवा

नुसती नाही, बाटल्या फुटतील. आधी वाइन पूर्ण निथळू द्या, मग सल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट (यीस्टला पुन्हा वाढू न देणारं) लिटरला ०.२ ग्रॅम, दोन दिवसांनी साखर, आणखी दोन आठवडे बरणीत लक्ष ठेवून मग बाटलीत. पण ज्या वाइनला मॅलोलॅक्टिक केलंय तिला सॉर्बेट कधीही नाही. ते बॅक्टेरिया सॉर्बेट खाऊन चुरडलेल्या जिरेनियमच्या पानांचा वास तयार करतात आणि तो काही केल्या जात नाही.

उत्तरवेल

अमेरिकेतल्यांसाठी कायद्याचं: घरात २१ वर्षांवरची एक व्यक्ती असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलनपर्यंत वाइन स्वतःसाठी करता येते. विकता येत नाही, उकळून दारू काढता येत नाही. पेटंट चालू असलेल्या जातीच्या काड्या लावून रोपंही करता येत नाहीत.

ओटावाकर, तुमच्या ३० बाय २०साठी माझी यादी: एका ओळीत पाच पेटिट पर्ल किंवा पाच मार्केट, खोलगट असेल तर पहिली. दुसऱ्या ओळीत पाच इटास्का. कुंपणाला दोन कार्मीन ज्युएल. मग दर साली लाल आणि पांढरी प्रत्येकी अर्ध्या बरणीएवढी होईल. ती ११-१२ लिटरच्या लहान बरण्यांत काठोकाठ भरा. अर्धी भरलेली मोठी बरणी ठेवलीत तर महिन्यात व्हिनेगर होईल.

ओटावाकर

घर जरा उतारावर आहे आणि खाली शेजाऱ्यांचं लाकडी कुंपण, म्हणजे थंड हवा अडणार. पेटिट पर्लच घेतो. कुंपणाजवळची पहिली जागा रिकामी सोडू का?

हिरवा डोळा

सोडा, निदान आठ-दहा फूट. आणि जमत असेल तर कुंपणाच्या खालच्या दोन फळ्या काढायला शेजाऱ्यांना विचारा. हवेला तेवढी फट पुरते.